छंद लागतो तेव्हा : हौशी छायाचित्रणाच्या आरंभाविषयी

१

भूक, तहान, झोप, चटक, वेड आणि छंद या सर्वांना मराठीत ‘लागणे’ हे एकच क्रियापद चालते. छंद कोणी ठरवून घेत नाही. तो लागतो किंवा जडतो. ज्याला तो लागला तो त्या वाक्याचा कर्ता नसतो. त्याच्या वाट्याला ‘त्याला’ एवढेच पद येते. पुढे त्याच छंदाविषयी बोलताना क्रियापद बदलते आणि आपण म्हणतो, अमक्याने छंद ‘जोपासला’. येथे मनुष्य पुन्हा कर्ता होतो. लागण्याची जबाबदारी माणसावर टाकता येत नाही, जोपासण्याची मात्र टाकता येते. तेव्हा जे लागते त्याचे स्वरूप काय, आणि ते जोपासणे म्हणजे नेमके काय जोपासणे, असे दोन प्रश्न संभवतात. हौशी छायाचित्रणाच्या संदर्भात, आणि मुख्यतः सोलापूर व परिसरातील उदाहरणांच्या आधारे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिला प्रश्न वरवर मानसशास्त्राचा आणि दुसरा नीतिशास्त्राचा दिसतो. परंतु पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसरा नीट मांडताच येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘छंद’ या शब्दाचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काव्यशास्त्रात छंद म्हणजे अक्षरांच्या व मात्रांच्या रचनेचे बंधन. व्यवहारात छंद म्हणजे मनाची ओढ. यास्काने निरुक्तात ‘छंदस्’ या शब्दाचा संबंध झाकणे, आच्छादणे या अर्थाच्या धातूशी जोडला आहे. ओढ, बंधन आणि आच्छादन या तिन्ही अर्थच्छटा पुढील विवेचनात उपयोगी पडतील.

२

छायाचित्रणाचा छंद कसा लागतो याची तीन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले समाजशास्त्रीय आहे. पिएर बोर्द्यू यांनी सहकाऱ्यांसह केलेला, १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मूलभूत मानला जातो. त्यांच्या मते कॅमेरा घरात येतो तो कलेसाठी नव्हे, कुटुंबासाठी. मुले असलेल्या घरांत तो अधिक आढळतो. लग्ने, सण आणि सहली यांतून कुटुंब स्वतःचे ऐक्य स्वतःलाच दाखवीत असते आणि छायाचित्र हे त्याचे साधन असते. आपल्याकडील अनुभव याहून फार वेगळा नाही. साठ-सत्तरच्या दशकांतील मध्यमवर्गीय घरातला ‘आग्फा क्लिक थ्री’ बारा चित्रांचा रोळ घेई, आणि ती बारा चित्रे बारसे, जावळ, मुंज, तीर्थयात्रा यांना पुरवून वापरली जात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात घराघरांतील विधी वेगळे होते, पण कॅमेऱ्याकडे सोपवलेले काम एकच होते.

हे स्पष्टीकरण कॅमेरा घरात का येतो ते सांगते. घरातील एखाद्यालाच त्याचे वेड का लागते ते सांगत नाही. बोर्द्यूंनाही ही अडचण जाणवली होती. छायाचित्रणाचे निष्ठावंत उपासक कुटुंबजीवनात तुलनेने कमी गुंतलेले असतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. निरीक्षण मार्मिक आहे. ज्याला छंद लागला तो लग्नमंडपात वधूवरांऐवजी मांडवाच्या कापडातून झिरपणारे ऊन टिपू लागतो, आणि नातेवाईक त्याच्यावर रागावतात. परंतु तो बाजूला सरकला म्हणून त्याला छंद लागला, की छंद लागला म्हणून तो बाजूला सरकला, याचा निवाडा आकडेवारीतून होत नाही.

दुसरे स्पष्टीकरण यंत्राचे. १८८८ साली कोडॅक कंपनीने शंभर चित्रांचा रोळ भरलेला कॅमेरा बाजारात आणला. बटण दाबण्यापलीकडचे सर्व काम कारखान्याने अंगावर घेतले. तेव्हापासून सुलभता हेच छंदाचे मूळ आहे, असा समज रूढ झाला. तो खरा असता तर आज, खिशाखिशात कॅमेरा असताना, छायाचित्रणाचा छंद सार्वत्रिक झाला असता. प्रत्यक्षात चित्रे सार्वत्रिक झाली आहेत. छंद पूर्वीइतकाच विरळा आहे.

तिसरे स्पष्टीकरण सौंदर्यशास्त्रीय आहे : सौंदर्याची ओढ असणारा मनुष्य साधन मिळताच व्यक्त होतो. परंतु नवशिक्याची पहिली चित्रे पाहिली की हे म्हणणे टिकत नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याचा गाभा म्हणून मांडलेली लय, म्हणजे संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी सिद्ध होणारी रचना, तेथे औषधालाही नसते. तशी रचना ओळखणारी दृष्टी छंदाचे फळ असते. तिला छंदाचे कारण कसे म्हणता येईल?

३

मग आरंभ कोठे आहे? छायाचित्रणाच्या जन्मकथेतच त्याचा माग सापडतो. १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराकाठी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट कॅमेरा ल्युसिडा या साधनाच्या साहाय्याने निसर्गदृश्ये रेखाटू पाहत होता. त्रिकोणी काचेतून दृश्य कागदावर उतरल्यासारखे दिसे. डोळा हलवला की कागदावर उरत असे ती केवळ त्याच्या पेन्सिलीची दुबळी रेघ. दिसलेले आणि हाती आलेले यांतील या अंतराने तो अस्वस्थ झाला, आणि दृश्याने स्वतःच कागदावर उमटावे ही कल्पना त्याला त्या अस्वस्थतेतून सुचली. पेशाने तो छायाचित्रकार नव्हता. तसा पेशा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. जगातील हा एक आद्य हौशी छायाचित्रकार स्वतःच्या असफल चित्रामुळे छंदाला लागला.

हेच अंतर कधी उलट्या दिशेनेही प्रत्ययास येते, म्हणजे डोळ्यांना न दिसलेले चित्रात सापडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली, आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर हलू लागली. भांडवल मिळवण्यासाठी केलेली ती खटपट होती हे खरे. परंतु रोप तेथे रोज समोर असूनही वाढताना कोणी पाहिले नव्हते.

सोलापुरातला नवशिक्या हे अंतर बहुधा गड्ड्याच्या यात्रेत अनुभवतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात; पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी आणि भक्त रस्ते व्यापून टाकतात; संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाच्या चालीत एक तोल असतो. तो तोल पाहून नवशिक्या बटण दाबतो. हाती येतो तो एक तिरका खांब, पुढच्या माणसांच्या पाठी आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा. तोल कोठेही नाही, कारण तोल ही काळात घडणारी गोष्ट आहे आणि चित्राने काळाचा एकच कण उचलला आहे. बहुसंख्य लोक या टप्प्यावर ‘फोटो बिघडला’ असे म्हणून विषय संपवतात. एखाद्यालाच प्रश्न पडतो : मी पाहिले ते गेले कोठे? आणि या तारा तेथे होत्याच, मग त्या मला दिसल्या कशा नाहीत? ज्याला हा प्रश्न पडला आणि पडतच राहिला, त्याला छंद लागला असे म्हणावे.

तेव्हा छंद लागतो तो चित्र साधल्यामुळे नव्हे. पाहणे आणि चित्र यांतील अंतराची टोचणी मनाला लागते. आपल्या पाहण्यात किती झाकलेले असते हे त्या अंतराने कळते. यास्काच्या व्युत्पत्तीला येथे अनपेक्षित अर्थ मिळतो, कारण हा छंद आच्छादनाच्या जाणिवेपासूनच सुरू होतो. रोळाच्या काळात या अंतराला कालावधीचीही जोड होती. बारा किंवा छत्तीस चित्रे पुरी होईपर्यंत, आणि पुढे स्टुडिओतून रोळ धुऊन येईपर्यंत, मनातले चित्र वाट पाहत असे आणि म्हणून दोहोंतील फरक अधिक तीव्रतेने जाणवे. आजच्या मोबाइलमध्ये चित्र तत्क्षणी दिसते, इतकेच नव्हे तर यंत्र अंधार उजळते, चेहरे गुळगुळीत करते, हललेले स्थिर करते. प्रश्न उपस्थित होण्याआधीच त्याचे उत्तर देऊन टाकले जाते. चित्रे अगणित आणि छंद विरळा, या मघाच्या विसंगतीचे एक कारण हे असावे.

४

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अंतराची टोचणी लागल्यावर माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, अंतर कसेही करून मिटवावे, जे दिसले ते पुरते ताब्यात घ्यावे. दुसरा, अंतर मान्य करून त्याच्याशी संवाद चालू ठेवावा. मराठीतील ‘टिपणे’ या क्रियापदात हे दोन्ही मार्ग दडलेले आहेत. टिपकागद शाई टिपतो तेव्हा तो स्वतःवर काही उमटू देतो. शिकारी पाखरू टिपतो तेव्हा ते पाखरू उरत नाही. कॅमेऱ्याला आपण हेच क्रियापद लावतो.

सोलापूरपासून जवळच असलेल्या नान्नजच्या माळावर हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेले अभयारण्य या परिसरात आहे. उंच मानेचा, जड शरीराचा हा पक्षी उघड्या गवताळ माळावर राहतो. मादी जमिनीवरच, सहसा एकच, अंडे घालते. पावसाळ्यात नर मान फुगवून प्रियाराधन करतो. पक्षिचित्रणाची आवड असलेल्या कोणालाही मोह पडावा असे ते दृश्य आहे. पण ते पाहण्यासाठी माणूस जितका जवळ जाईल तितके ते दृश्य अशक्य होत जाते, कारण चाहूल लागताच पक्षी दूर जातो, आणि एकुलते अंडे उघडे पडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाच्या परवान्याची जी कारणे नमूद आहेत, त्यांत छायाचित्रणाचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कायदाही या निरुपद्रवी समजल्या गेलेल्या छंदाला परवानगी विचारायला लावतो. माळढोक २०११ पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणला जातो आणि नान्नजला त्याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे. या ऱ्हासाचे मुख्य दोषी छायाचित्रकार नव्हेत. शिकार, माळांचा नाश आणि विजेच्या तारा ही कारणे कितीतरी मोठी आहेत. तथापि दोष कमी आहे म्हणून प्रश्न मिटत नाही.

यावर हौशी छायाचित्रकाराचा ठरीव बचाव असा असतो : मी पैशासाठी काही करीत नाही, माझा आनंद निरपेक्ष आहे. या बचावाला तात्त्विक पाठबळही आहे. कांटने सौंदर्याचा आनंद हितसंबंधनिरपेक्ष मानला, आणि मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या भूमिकेची सविस्तर चिकित्सा केली आहे. परंतु कांटच्या भूमिकेचा एक भाग येथे विसरला जातो. हितसंबंधनिरपेक्षता म्हणजे वस्तूच्या अस्तित्वाविषयीची उदासीनता होय. चित्रकाराला ती परवडते. कधीही न पाहिलेला पक्षी तो रंगवू शकतो. छायाचित्रकाराला ती परवडत नाही. रोलां बार्थ यांनी १९८० मधील आपल्या अखेरच्या पुस्तकात दाखवल्याप्रमाणे, ‘हे तेथे होते’ ही ग्वाही हाच छायाचित्राचा गाभा आहे. ज्या कलेचे सारे मोल समोरच्या वस्तूच्या अस्तित्वावर उभे आहे, तिच्या उपासकाला त्या अस्तित्वाविषयी उदासीन राहण्याचा अधिकार कसा पोहोचतो? तो त्या वस्तूचा ऋणी असतो. हौस निर्मळ आहे, म्हणजे मोबदला घेतलेला नाही, एवढ्याने हे ऋण फिटत नाही. उलट व्यावसायिकाला काम संपल्यावर थांबता येते. हौशी माणसाच्या ओढीला तशी हद्द आपोआप पडत नाही. ती त्याला स्वतः घालून घ्यावी लागते. छंद या शब्दातील बंधनाचा अर्थ येथे आवश्यक ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. छायाचित्रांनीच तर अनेकांना पक्ष्यांची ओढ लावली; पक्षी कोणी पाहिलाच नाही तर त्याला वाचवावेसे कोणाला वाटेल? आक्षेपात तथ्य आहे, आणि छायाचित्रणाचा निषेध हे या विवेचनाचे प्रयोजनही नाही. परंतु ओढ लावण्याची शक्ती प्रत्येक नव्या चित्रागणिक वाढते असे मानणे चुकीचे आहे. सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ साली सोलापुरातच निधन पावलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत जे पाहिले ते प्रामुख्याने शब्दांतून मराठी वाचकापर्यंत पोहोचवले, आणि पक्ष्यांची ओढ असंख्यांना लावली. पाहणे आणि मिळवणे या भिन्न क्रिया आहेत, याचा याहून जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही.

५

सोलापूर जिल्ह्यातच असलेल्या पंढरपुरात दर्शनाच्या दोन रांगा असतात, पदस्पर्शदर्शनाची आणि मुखदर्शनाची. मुखदर्शनाच्या रांगेतला वारकरी दुरूनच पाहतो, आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. छायाचित्रात वस्तूवरून आलेला प्रकाशच उमटलेला असल्यामुळे त्यात स्पर्शाचा आभास असतो, आणि हा आभासच छायाचित्रकाराला आणखी एक पाऊल पुढे ओढतो. ते पाऊल प्रत्येक वेळी टाकलेच पाहिजे असे नाही, ही समज आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

ज्या अंतरामुळे छंद लागला तेच जोपासणे, असे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातून निघते. चित्र हाती आल्यावरही काही हाती आलेले नाही ही जाणीव जोवर जागी आहे, तोवर छंद जिवंत असतो. ती मालवली की उरतो तो संग्रह. एखाद्याचा छंद कोणत्या अवस्थेत आहे हे त्याच्या चित्रांवरून नेहमीच ओळखता येईल असे नाही, कारण उत्कृष्ट चित्र दोन्ही मार्गांनी मिळू शकते. माळावर, मादी अंड्यावर बसलेली असताना, तो कॅमेरा खाली ठेवू शकतो किंवा नाही, हे पाहावे लागेल. अशा वेळी न काढलेल्या चित्राची कोठेही नोंद होत नाही. म्हणूनच छायाचित्रणाच्या इतिहासात न आढळणारी ही चित्रे छायाचित्रणाच्या नीतीत मोजावी लागतात.