उड्डाणानंतरची वर्षं

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी३४ने एका फेरीत वीस उपग्रह वर नेले. त्यांत पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता: दहा सेंटिमीटर बाजूचा, किलोभर वजनाचा ठोकळा. काम सुरू झालं होतं २००८मध्ये. पदवी चार वर्षांची, उपग्रह आठ वर्षांचा. पहिले आराखडे काढणारी मुलं उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकरीधंद्याला लागलेली होती.

या प्रकल्पाचं खरं शिक्षण या लांबलेल्या वेळातच आहे. ‘स्वयम्’ला अवकाशात स्थिर ठेवण्यासाठी इंधन किंवा मोटर नव्हती; आतल्या चुंबकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घ्यायचं, अशी योजना होती. कल्पना सुटसुटीत, पण ती पुढच्या तुकडीच्या हाती देणं कठीण. नव्या मुलांना जुनं सर्किट वाचावं लागतं, त्यातली चूक हुडकावी लागते आणि आपण केलेला बदल का केला, तेही लिहून ठेवावं लागतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या कामाला जागा नसते.

मुंबईच्या आयआयटीतला ‘प्रथम’ २००७मध्ये सुरू होऊन २६ सप्टेंबर २०१६ला कक्षेत गेला. तो सुरू करणाऱ्यांपैकी सप्तर्षी बंदोपाध्याय पुढे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत गेले आणि चंद्रावरच्या विवरात रेडिओ दुर्बीण उभारण्याच्या संकल्पनेवर काम करू लागले. ‘ध्रुव स्पेस’ या अवकाश कंपनीचे संजय नेक्कंटी एसआरएम विद्यापीठाच्या विद्यार्थी उपग्रहावर घडले, ‘पिक्सेल’ या दुसऱ्या कंपनीचे अवैस अहमद पिलानीच्या बिट्समधल्या ‘अनंत’ या विद्यार्थी उपग्रहाच्या चमूत होते. २०२०मध्ये सरकारने अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुलं केलं, तेव्हा स्वतःच्या हातांनी काम केलेली ही माणसं तयार होती.

बीज मात्र महाविद्यालयाच्या आधीच पडतं. ‘सायन्स’ नियतकालिकात २००६ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासाने १९८८मधल्या आठवीच्या मुलांचा पुढे बारा वर्षं माग घेतला. तिशीत विज्ञानाशी निगडित काम करू, असं तेव्हा म्हणणाऱ्यांनी भौतिक विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक निघाली. इच्छेमुळेच पदवी मिळाली, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण आठवी-नववीचं वय हातचं घालवू नये, एवढं नक्की. इस्रोचा २०१९पासूनचा ‘युविका’ उपक्रमही नववीच्याच मुलांसाठी आहे, आणि निवडीत ग्रामीण शाळांना झुकतं माप देतो.

असं बीज शाळेतच पेरायला नाशिकसारख्या शहरात काय कमी आहे? जवळच्या ओझरला एचएएलचा विमान कारखाना साठच्या दशकापासून आहे. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहे. पुणे रस्त्याने गेलं की नारायणगावाजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथे शाळकरी मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. एका दिवसाची कार्यशाळा, पाण्यावर उडणारं रॉकेट, प्रमाणपत्र आणि छायाचित्र यांनी मुलं आनंदतात, आणि तो आनंद मोलाचाच. पण सोमवारी शाळेत परतल्यावर पुढे करायला काही उरत नाही.

म्हणून आधी उपग्रहाचा हट्ट नको. संदेश ऐकणारं भूस्थानक हवं. ‘सॅटनॉग्स’ या खुल्या जागतिक जाळ्यात हौशी मंडळी स्वतः बांधलेल्या अँटेनांनी उपग्रहांचे संदेश टिपतात. आराखडे सर्वांना उपलब्ध आहेत. असं एक स्थानक तारांगणाच्या गच्चीवर, दुसरं जिल्ह्यातल्याच सुरगाण्याच्या एखाद्या आश्रमशाळेत उभं राहू शकतं. कमी उंचीवरचे उपग्रह दिवसातून अनेकदा माथ्यावरून जातात. नोंदवही आठवीच्या मुलींनी सुरू करावी, दहावीला जाताना धाकट्यांकडे सोपवावी, आणि त्या मुली पुढे कुठे पोचल्या याची नोंद शाळेने निदान दहा वर्षं ठेवावी.