मेंढपाळांची रात्रपाळी

आजचं वचन : लूक २:२०

या एका वचनात मेंढपाळांचा नाताळ संपतो. बाळाला पाहून ते परत गेले. त्याच कुरणात, त्याच मेंढरांकडे, त्याच रात्रपाळीला. (ते बेथलेहेमात असताना मेंढरं कोण राखत होतं? लूक सांगत नाही. प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्याला ही शंका येणारच!) दुसऱ्या रात्री देवदूत पुन्हा आल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. पण लूक एक गोष्ट आवर्जून सांगतो : ते देवाची स्तुती करत परत गेले. म्हणजे स्तुती गव्हाणीपाशी संपली नाही, ती परतीच्या वाटेवरही चालू होती.

आमच्या वसईत आता घरोघरी गोठे आवरलेत, तारे उतरलेत. सकाळची विरार लोकल, मुलांचे डबे, लॅपटॉपवर साचलेली तिकिटं. मध्यरात्रीच्या मिस्साला हात जोडून शेजारी शेजारी उभे असलेले आपण, सोमवारी डब्याच्या झाकणावरून आवाज चढवतो. कुणाच्या घरी नाही होत?

आणि प्रभू येशू वाढला तो अशाच कामाधामाच्या घरात. गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखत (मार्क ६:३). सेवाकार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता (लूक ३:२३). पहिला चमत्कार कानाच्या लग्नात, तोही त्यानंतर. तोवर जवळजवळ माझ्या वयापर्यंत लाकूड, हत्यारं आणि घरची कामं!

उद्या घराचं दार ओढून घेताना एवढंच म्हणून बघा : प्रभू, माझ्यासोबत लोकलमध्ये चल. आणि घरात मागे राहिलेल्यांसोबतही थांब.