अकरावे पत्र

सणासुदीला भुताखेतांच्या गोष्टी काढू नयेत, असे आमच्या घरी सांगत. तरीही ऐन दिवाळीत मी एक काढणार आहे. या गोष्टीतले भूत पिंपळावर राहत नाही, की अमावास्येची वाट पाहत नाही. ते बैठकीच्या खोलीतल्या टेलिव्हिजनमधून बाहेर येते. तेव्हा जुना नियम त्याला लागू नाही, अशी पळवाट मी माझ्यापुरती काढली आहे.

कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवरून हिदेओ नाकाता यांनी १९९८ साली ‘रिंग’ नावाचा जपानी चित्रपट काढला. कथा थोडक्यात अशी. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणाऱ्याला लगेच टेलिफोन येतो आणि सातव्या दिवशी मरण येते. रेइको नावाची वार्ताहर बाई या मृत्यूंचा शोध घेता घेता स्वतःच ती कॅसेट पाहते. मदतीसाठी घटस्फोटित पतीला दाखवते, त्याला तिची एक प्रत काढून देते. पुढे एका रात्री तिचा लहानगा मुलगाही ती पाहून बसतो. शोध करीत पतिपत्नी इझू द्वीपकल्पातल्या एका बंगलीपाशी पोहोचतात. बंगलीच्या जमिनीखाली एक बुजवलेली विहीर असते. सादाको नावाच्या मुलीला तिच्या पित्यानेच त्या विहिरीत ढकललेले असते. रेइको विहिरीत उतरते, त्या अभागी मुलीच्या अस्थी शोधते आणि तो सांगाडा मायेने उराशी धरते. तिची सातव्या दिवसाची घटका टळून जाते.

आपल्याकडची गोष्ट असती तर इथे संपली असती. अतृप्त आत्मा, सापडलेल्या अस्थी, क्रियाकर्म आणि शांती! भुतालाही अखेर कोणीतरी आपले दुःख ओळखावे एवढेच हवे असते, ही आपली जुनी समजूत. परंतु दुसऱ्या दिवशी रेइकोच्या पतीच्या घरातला टेलिव्हिजन आपोआप सुरू होतो, सादाको काचेतून सरपटत बाहेर येते आणि तो मरतो. मग रेइकोला उमगते की आपण वाचलो ते करुणेमुळे नव्हे. आपण कॅसेटची प्रत काढली आणि दुसऱ्याला दाखवली, म्हणून वाचलो. चित्रपटाच्या शेवटी ती यंत्र मोटारीत घालते आणि आपल्या वडिलांच्या घराची वाट धरते. नातवाने प्रत काढायची आणि ती आजोबांना दाखवायची, म्हणजे नातू सुटेल.

हा चित्रपट पाहिलेल्यांना ती केसांनी तोंड झाकलेली मुलगी आठवते. मला आठवते ती रस्त्यावरून धावणारी मोटार. तिच्यात कोणी दुष्ट माणूस नाही. एक आई आहे. तिने काय करायला हवे होते? तुमचे-आमचे मूल असते तर आपण काय केले असते? मी हा प्रश्न घरात अनेकांना विचारला, आणि ताबडतोब उत्तर देणारा एकही भेटला नाही.

कोणी हिशेबी मनुष्य म्हणेल, “यात एवढे काय? आजोबांनीही सात दिवसांत ती पुढच्याला दाखवावी. साखळी चालू राहिली की कोणीच मरत नाही.” हिशेब वरवर बिनचूक आहे. पण साखळी कुठेतरी तुटणारच, आणि ती कोणापाशी तुटेल? ज्याच्याजवळ यंत्र नाही, ज्याला कोणी नियम समजावून सांगितला नाही, ज्याचे म्हणणे ऐकणारे जवळ माणूस नाही, अशापाशी. ज्याला पुढे द्यायला कोणी नसते, त्याच्या पदरात सगळ्यांचा शाप पडतो.

ही कल्पना जपानी असली तरी आपल्याला परकी नाही. जपानात १९७० नंतरच्या काळात ‘दुर्दैवाची पत्रे’ पसरली होती: इतक्या जणांना हेच लिहून पाठवा, नाहीतर अनर्थ होईल. आपल्याकडे अशी पोस्टकार्डे देवादिकांच्या नावाने येत. माझ्या लहानपणी आमच्या घरीही एक आले होते. अकरा जणांना पाठवल्यास इच्छा पूर्ण होईल, न पाठवल्यास घरावर संकट येईल. आणि घरात तर संकट आधीच अंथरुणावर पडले होते. थोरल्या भावाला विषमज्वर होऊन आठवडा उलटला होता. आई देवभोळी. तिने मला पोस्टात पिटाळून अकरा कार्डे आणवली आणि रात्री कंदिलाशी लिहायला बसली.

त्या पत्राची आणि आजच्या यंत्राची तुलना मनात आली की एक गोष्ट जाणवते. पत्र लिहिताना हात दुखत असे. प्रत्येक कार्डावर पत्ता लिहावा लागे, आणि पत्ता लिहिताना त्या माणसाचा चेहरा समोर येई. हाताचा हा थकवा म्हणजे सदसद्विवेकाचा मोठा सोबती होता. व्हिडिओ यंत्राने तो थकवा एका बटणावर आणला. मोबाईलने तर बटणही ठेवले नाही; बोट टेकवले की शंभर घरांत पोहोचले, आणि चेहरा एकही दिसला नाही. यंत्रात भूत शिरते की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु आपण काही कृत्य केले आहे याची जाणीवच ते आपल्या मनातून काढून घेते, आणि भीती वाटायला मला तेवढे पुरते.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या मोबाईलवर एक संदेश आला. मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, सर्वांना कळवा. मला तो खरा वाटला नाही. पण भावाची चार वर्षांची नात तेव्हा सुट्टीला आमच्याकडे आली होती, अंगणात खेळत होती. ‘खरे असो नसो, सावध राहिलेले बरे,’ असे म्हणून मी तो नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना पाठवून दिला. खाली ‘काळजी घ्या’ असेही लिहिले. मग निर्धास्तपणे चहा घेतला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्या दिवशी गावाचा आठवडे बाजार होता. ‘यांना मी ओळखतो’ असे म्हणणारे त्यांचे तिथे कोणी नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

माझा संदेश राईनपाड्याला पोहोचला होता काय? बहुधा नसेल. पण ‘नक्की नाही’ असे मला म्हणता येत नाही, आणि आयुष्यात कधी म्हणता येणार नाही. मी तो द्वेषाने पाठवला नव्हता. एका लहान मुलीवरच्या मायेने पाठवला होता. रेइकोच्या मोटारीत मी बसलो होतो आणि मला ते कळलेदेखील नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जिची पूजा करतो ती लक्ष्मी समुद्रमंथनातून वर आली. त्याच मंथनातून हलाहलही निघाले होते. मंथन करणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ते दुसरीकडे जावे असेच वाटत असणार. शंकराने ते पुढे दिले नाही, कंठात धरले. ही कथा आपण देवाचा पराक्रम म्हणून सांगतो. मला अलीकडे ती घराघरातली वाटू लागली आहे. आलेली वाईट गोष्ट कोणीतरी आपल्यापाशी थांबवावी लागते. परंतु थांबवणाऱ्याचा गळा निळा होतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उपदेश फार स्वस्त होतो.

आईने त्या रात्री दहा पत्रे लिहिली. अकराव्यावर तिला नाव सुचेना. मी एका चुलत मावशीचे नाव सांगितले. आई लेखणी हातात धरून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, तिचाही मुलगा लहानच आहे की.” नंतर तिने पहिली दहा पत्रे पुन्हा एकेक करून पाहिली. सकाळी तिने अकराही कार्डे बंबात घातली आणि भावाच्या उशाशी जाऊन बसली. दोन दिवस ती तिथून फारशी उठली नाही. जेवायला बोलावले तरी आली नाही.

भाऊ पुढे डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला. पण बंबात कार्डे टाकताना तिला ते ठाऊक नव्हते.