राग मारायचा, की झडप सुधारायची?

आजचं चिंतन गीता अध्याय २, श्लोक ६२-६३: रागातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश.

भर उन्हाळ्यात गाडी सारखी गरम हवाच फेकू लागली, तर? हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनाची उष्णता कूलंट आणून देतो. ती आत किती सोडायची, हे एक झडप ठरवते. झडप अडकली, केबल सुटली किंवा तिची मोटर गेली, की एसी लावूनही झळाच. हीटरचा पाइपच तोडला तर झळा थांबतील, पण थंडीत काचेवर धुकं धरलं की हीच ऊब लागते.

आपलंही तसंच. तापतो ऑफिसात, झळा मात्र घरी आईला. तिथे झडप अडकलेली असते. म्हणून राग पार मारूनच टाकला, तर समोरचा अन्यायही दिसेनासा होतो.

नरसी हे नामदेवरायांचं जन्मगाव मानतात. परंपरा सांगते, गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं. ते दुखावले. पण तीच धग अखेर त्यांना औंढ्याला, विसोबा खेचरांकडे घेऊन गेली. आज त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

आज राग आला, की एवढंच विचारूया: ही धग कुठली, आणि आपण ती सोडतोय कुणावर?