सही घेताना न सांगितलेलं

निपाणीत उभी हयात बाळंतपणं करण्यात गेलेले मामा, आणि बेळगावात स्त्रीरोग विभागात पीजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची भाची. विषय निघाला ड्यूटीच्या तासांचा.

मामा : तासांना मर्यादा घालायची म्हणजे काय गं? पहाटे झटके आलेली बाई इथनं तुमच्याकडं पाठवली. दाखल करून घेणार तू, सकाळी बघणार दुसरी, संध्याकाळी तिसरी. रक्तदाब कसा चढत गेला, लघवी कधी कमी झाली, हे सलग कुणी बघायचं? आम्ही बाईच्या उशाशी बसून शिकलो.

भाची : बसलात, खरं आहे. पण सीझरच्या आधी आपण सही घेतो. भुलीचा धोका सांगतो, रक्तस्रावाचा सांगतो. सुरी धरणारी डॉक्टर काल सकाळपासून जागी आहे, हे सांगतो का?

मामा : सांगितलं तरी ती सही करेल. दुसरं आहे कोण?

भाची : म्हणजे नाइलाजाची सही.

मामा : नाइलाजच की! रात्री गाडी कोल्हापूरला न्यायची की बेळगावला, यातच निम्मा जीव जातो. तिथं पोचल्यावर कुणी म्हणालं, माझे तास संपले, तर?

भाची : तसं कुणी म्हणत नाही, मामा. म्हणूनच नियम कागदावर राहतात. 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी सहसा 12 तासांवर नको, आठवड्याला 48, असं लिहिलंय. वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत आकडा नाही, ‘वाजवी’ तास आहेत. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिगटानं आठवड्याला 74 सुचवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात मारली गेलेली डॉक्टर 36 तासांच्या ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये जरा आडवी झाली होती. त्या 36 तासांचं आमच्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

मामा : अमेरिकेत 2011 मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग 16 तासांचं बंधन घातलं, आणि 2017 मध्ये काढलं. सर्जरीच्या रेसिडेंट्सवर मोठा अभ्यास झाला होता. कडक वेळापत्रक असो की सैल, रुग्णांच्या मृत्यूंत आणि गुंतागुंतीत फरक दिसला नाही.

भाची : त्या अभ्यासात दोन्हीकडं आठवड्याला 80 तासांची मर्यादा होतीच. आमच्याकडं 80 ही चैन आहे. आणि 2004 मध्ये बोस्टनच्या अतिदक्षता विभागात जुन्या लांब पाळ्यांत इंटर्न्सच्या हातून 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या, ते?

मामा : बरं, मानलं. मग तीनाची चार वर्षं करा. तास कमी केले तर केसेसही कमी होणार. कबूल?

भाची लगेच बोलली नाही. माझ्या मते वाद खरा इथं सुरू झाला. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमएसची तीन, शिवाय कर्नाटकात 2012 च्या कायद्यानं सक्तीची सेवा लागली तर तिचं एक. तंबाखूच्या शेतावर किंवा विड्या वळून चाललेल्या घरातल्या मुलीला आणखी एक वर्ष सांगायचं, तर तिच्या आईनं तेवढे दिवस आणखी विड्या वळायच्या. तासांची भरपाई वर्षांनी करा, हे म्हणायला सोपं आहे; ते वर्ष कुणाच्या घरातून येतं, हेही बोलायला हवं.

भाची : कबूल नाही. आधी या तीन वर्षांत काय भरलंय ते बघा. ब्लड बँकेत पिशवीसाठी धावणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्ट शोधणं, योजनेचे फॉर्म भरणं. या कामांना माणसं भरा, मग शिकायला किती तास उरतात ते मोजू.

मामा : आणि हँडओव्हर? बाई मराठी, सिस्टर कन्नड, तुझ्यानंतर येणारा ऑल इंडिया कोट्यातला, त्याला दोन्ही भाषा येत नाहीत. डोळ्यांपुढं काजवे चमकतात असं बाई तुला म्हणाली, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, तर झटका येईपर्यंत तो गाफील.

भाची : इथं तुमचंच खरं. मला सर्वात भीती वाटते ती याचीच. पण हँडओव्हर ठरलेल्या क्रमानं द्यायला शिकवलं तेव्हा नऊ रुग्णालयांत चुका 23 टक्क्यांनी घटल्या, 2014 चा अभ्यास आहे. ही गळती बुजवता येते. झोपेची उणीव कशी बुजवणार?

मामा : पुढच्या वर्षी तू सिनिअर. रात्रभर जागलेली ज्युनिअर म्हणाली, ही केस शेवटपर्यंत बघू द्या. घालवशील तिला?

भाची : नाही. थांबू दे, बघू दे. सुरी देणार नाही.

मामा : आणि दुसरा हातच नसला तर?

भाची : मग तिलाच करावं लागेल. पण किती तास जागी आहे ते केसपेपरवर लिहायला लावेन, आणि सही घेताना नातेवाइकांना सांगेन.

मामा : सांगशील? वॉर्डात दंगा होईल.

भाची : होईल. त्यांनी विचारलं, दुसरी डॉक्टर का नाही, तर तो प्रश्न मी अधीक्षकांकडं लेखी पाठवेन.