काही झालं नाही ना?

मागच्या महिन्यात मला ड्रायव्हिंग लायसन्स पुन्हा मिळालं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेत उभं राहून मी टेस्ट दिली. पुढच्या मुलाने विचारलं, "दादा, पहिल्यांदाच काढताय?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

खरी गोष्ट अशी. १ जानेवारी २०२० च्या पहाटे बाणेरच्या पार्टीतून कोथरूडला घरी येताना पोलिसांनी नाकाबंदीत मला अडवलं. यंत्रात फुंकायला लावलं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मी तिच्या बराच पुढे होतो. कोर्टात गुन्हा कबूल केला. १०,००० रुपये दंड आणि सहा महिने लायसन्स बंद.

सहा महिने संपले, तरी मी ते आणायला गेलो नाही. पुढे त्याची मुदत संपली. मुदत संपून वर्ष उलटलं की टेस्ट पुन्हा द्यावी लागते.

मित्र म्हणायचे, "काही झालं नाही ना? मग सोड की!" मी नेमका त्याच वाक्यावर अडलो होतो.

घराच्या अलीकडे एक चौक आहे. तिथे पहाटे पेपरवाले बसतात. काही फुटपाथवर, काही चक्क रस्त्यावर. पुरवण्या भरतात, गठ्ठे लावतात. नाकाबंदी त्या चौकाच्या पुढे होती. म्हणजे मी त्यांच्या अगदी जवळून गेलो होतो. ते दिसल्याचं मला आठवत नाही. चौकच आठवत नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला. नेगेलच्या उदाहरणात प्यायलेल्या माणसाची गाडी फुटपाथवर चढते. तिथे कुणी नसलं तर तो सुटला. कुणी असलं तर जन्माचा अपराधी. चूक मात्र दोन्हीकडे तीच. विल्यम्सचा ट्रक ड्रायव्हर वेगळा. त्याची काहीच चूक नाही, तरी त्याच्या चाकाखाली एक मूल जातं. लोक त्याची समजूत घालतात. पण तो फार पटकन सावरला तर त्याच लोकांना ते खटकेल.

माझं त्याच्या बरोबर उलट. चूक पूर्ण माझी, आणि मला कुणी काही विचारणार नाही. काही झालं नाही यात माझं कर्तृत्व शून्य. ते पेपरवाले दोन फूट अलीकडे बसले होते, एवढंच. माफी मागायची तर कुणाची? ज्याचं काही बिघडलंच नाही, त्याची कशी मागायची?

दंड भरून हे फिटत नाही. पण गाडी कधीच न चालवणं, हाही एक आराम होता, हे मला उशिरा कळलं. शिक्षा भोगतोय असं वाटायचं आणि बदलावं काहीच लागायचं नाही.

टेस्टमध्ये माझे हात, पाय, डोळे तपासले. दिवसाउजेडी, शुद्धीत. त्या पहाटेही मी टेस्ट दिलीच होती: स्वतःला विचारलं, "जमेल ना?" आणि स्वतःच पास केलं. दारू गाडी चालवणाऱ्याला चढते तशी परीक्षकालाही चढते. म्हणून हा निर्णय रात्रीवर सोडायचा नाही. प्यायला बसायचं त्या दिवशी चावी घरी. एका पेगचाही अपवाद नाही.

परवा पहाटे गाडी घेऊन त्या चौकात गेलो. लांब उभी केली, चालत गेलो. काय बोलणार होतो, मलाही माहीत नव्हतं.

"पेपर पाहिजे का?" एकाने मान वर न करता विचारलं.

मी घेतला. पैसे दिले. त्याने पायाने गठ्ठा जरा आत ओढला, आणि पुरवण्या भरायला लागला.