बैल नाही म्हणतो तेव्हा

आपल्या बोलण्यात बैल अजूनही भरपूर राबतो. कंपनी नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ‘कामाला जुंपते’. सरकार महागाईला ‘वेसण घालतं’. शाळेच्या पुस्तकात देश पारतंत्र्याचं ‘जोखड’ झुगारून देतो. हे शब्द सहज वापरणाऱ्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी जोखड कधी हातात घेतलेलं नसतं. मी घेतलंय, कारण गावाकडच्या घरात एक जू अजून माळ्यावर पडून आहे. पोटापाण्यासाठी मात्र मी सॉफ्टवेअर लिहितो. कदाचित म्हणूनच ते जू पाहिलं की मला आधी डिझाइन दिसतं आणि नैतिक प्रश्न थोडा उशिरा सुचतो.

डिझाइन म्हणून जू अगदी साधं आहे. एक आडवं लाकूड, मान इकडेतिकडे सरकू नये म्हणून शिवळा, म्हणजे खुंट्या, आणि गळ्याखालून जाणारा पट्टा. आपल्याकडच्या बैलाला वशिंड असतं. जू त्याच्यापुढे मानेवर बसतं आणि बैलाने रेटा दिला की वशिंडाला टेकतं. युरोपातल्या गुरांना वशिंडच नाही, त्यामुळे तिथे वेगळे उपाय निघाले. स्पेन आणि फ्रान्सच्या बऱ्याच भागांत जू चामड्याच्या वाद्यांनी थेट शिंगांना बांधत. इंग्लंड आणि अमेरिकेत मानेवर जू आणि गळ्याखालून वाकवलेल्या लाकडाचं कडं.

आता हिशेब. ४०० किलोचा बैल दिवसभर टिकेल अशी जी ओढ देऊ शकतो, ती त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ४० किलोच्या आसपास. ती सगळी मानेवरच्या थोड्याशा कातडीवर येते. शिवाय दोन चाकांच्या गाडीत माल पुढे झुकला तर वजन मानेवर बसतं, मागे झुकला तर जू वर उचललं जातं आणि पट्टा गळ्याला काचतो. कातडी आधी जाड होते, मग सुजते, मग फुटते. याला ‘खांदा येणं’ म्हणतात. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, तेव्हा गरम पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात ते नेमकं याच जागेवर. सण शिंगं रंगवण्यापासून सुरू होत नाही, आपण जिथे दुखवलं तिथून सुरू होतो. हे मला फार प्रामाणिक वाटतं.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, त्यामुळे इंजिनिअरला इथे करण्यासारखं पुष्कळ आहे. क्षेत्रफळ वाढवा, जुवाला गादी लावा, चाकाला बेअरिंग बसवा. २०२२ साली इस्लामपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मधोमध, दांडीखाली टेकूचं एक चाक बसवलं, म्हणजे मानेवरचं वजन जमिनीवर जाईल. तो फोटो तुमच्याही फोनवर फिरला असेल. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षं खर्च केली. व्यवस्थापनशास्त्राच्या माणसाने बैलाच्या मानेचा विचार करावा, हे आज ऐकायलाही विचित्र वाटतं.

कायदाही याच भाषेत बोलतो. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५चे नियम आहेत. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोचणारे खिळे नाहीत. जनावराचा आकार आणि चाकाचा प्रकार पाहून वजनाची मर्यादा ठरते. बैलाच्या वतीने नियम लिहिण्याची कल्पना जुनीच आहे. ज्यूंच्या तोरामध्ये मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये, आणि बैल व गाढव एकत्र जुंपू नयेत, असं सांगितलंय.

समजा, आपण दाब जवळपास शून्यावर आणला. गादी उत्तम, चाक उत्तम, तास मोजलेले. मग आक्षेप घ्यायला काही उरतं का?

अवजार सुधारलं की अन्याय संपतो, अशी आशा फार जणांनी धरली आहे. लफेव्र दे नोएत नावाच्या निवृत्त फ्रेंच घोडदळ अधिकाऱ्याने १९३१ साली एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की प्राचीन काळचा घोड्याचा साज त्याचा गळा आवळायचा, त्यामुळे जनावरांकडून जड काम होत नसे, त्यामुळे गुलाम लागत. मध्ययुगात खांद्यावर बसणारा गळपट्टा आला आणि गुलामगिरी ओसरली. वाचताना माझ्यासारख्याला गुदगुल्या होतात, कारण यात मुक्तिदाता इंजिनिअर आहे. पण पुढे १९७०च्या दशकात जुन्या साजाच्या प्रतिकृती बांधून प्रयोग झाले आणि तो साज इतका गळा आवळत नव्हता असं दिसलं. त्याहून सरळ उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेत आहे. कापसाच्या मळ्यांवर खेचरांच्या गळ्यात चांगले गळपट्टे होते, आणि गुलामगिरी १८६५पर्यंत सुखेनैव चालू होती.

म्हणून मला जुवापेक्षा शिकवण्याची प्रक्रिया जास्त महत्त्वाची वाटते. जू तयार बैलाच्या मानेवर येतं. बैल ‘तयार’ होतो तो त्याच्या आधी.

आपल्याकडे खोंड अंगाने भरला की त्याचं नाक टोचतात. नाकाच्या आतल्या पडद्यातून वेसण जाते. ती जागा इतकी हळवी असते की कासऱ्याला बारीक हिसका दिला तरी सहा-सात पट वजनाचं जनावर मान वळवतं. खच्चीकरण होतं. पूर्वी ठेचत, आता पशुवैद्य चिमट्याने शिरा दाबतो. मग खोंडाला एखाद्या जुन्या, शांत बैलाच्या जोडीला धरतात. आधी नुसतं जू, मग ओंडका, मग रिकामी गाडी. शिकवण्यातला मोठा भाग तो जुना बैलच करतो. आणि ज्या १९६०च्या कायद्याने जनावरांवरची क्रूरता गुन्हा ठरवली, त्याच कायद्याने ठरावीक पद्धतीने केलेलं खच्चीकरण आणि नाक टोचणं गुन्ह्यातून वगळलंय. वगळावंच लागतं. ते नसेल तर बाकीचे नियम कुणाला लावणार?

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात दुसरी रीत आहे. तिथे शाळकरी मुलंसुद्धा बैलजोड्या वाढवतात. वासरू काही आठवड्यांचं असतानाच त्याच्या मापाचं छोटं जू मानेवर ठेवतात. वाढत जाईल तसं जू बदलतं. नाकात काही नाही. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, ‘व्हो’ म्हटलं की थांबायचं, आणि हातातल्या काठीचा हलका स्पर्श. चार वर्षांनी टनभर वजनाचं जनावर दोरीशिवाय, नुसत्या आवाजावर चालतं. (खच्चीकरण तिथेही होतं, आणि अनेक बैलांचा शेवट कत्तलखान्यात होतो. फार हळवं व्हायचं कारण नाही.)

पहिल्यांदा हे व्हिडिओत पाहिलं तेव्हा सुंदर वाटलं. मग अस्वस्थ वाटू लागलं. वेसणीचा बैल रोज नाकाने जाणतो की आपल्याला अडवलंय. आवाजावर चालणाऱ्या बैलाला अडवलं जाण्याची आठवणच नाही. यातला जास्त बांधलेला कोण? एका मित्राने ऐकून लगेच निकाल दिला, की वेसण निदान खरं बोलते. वाक्य चांगलंय, पण मला पटत नाही. वेसणीच्या खरेपणाचा फायदा बैलाला होत नाही. त्याला फक्त दुखतं. तो खरेपणा आपल्याला, बघणाऱ्यांना, विचार करायला बरा पडतो. मला निवडायचं झालं तर मी बिनवेसणीची रीत निवडेन. पण ‘बघा, त्याला आवडतं’ हे वाक्य मी स्वतःला म्हणू देणार नाही.

कारण तिथल्या शिकवणाऱ्यांचा एक मुख्य नियम आहे: कोवळ्या बैलाला न पेलणारं ओझं कधी लावायचं नाही. एकदा का ते हललं नाही, की आपण अडून बसू शकतो हे तो शिकतो. आपल्याकडचा जाणता शेतकरीही नव्या खोंडाला पहिल्या दिवशी चढावर नेत नाही. हा नियम दोन तऱ्हांनी वाचता येतो. एक, त्याच्यावर नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. दोन, नाही म्हणता येतं हे त्याला कळूच देऊ नका. दोन्हींचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो. सर्व्हर रात्रभर गप्प असेल तर एक शक्यता अशी की सगळं ठीक आहे, आणि दुसरी अशी की कुणीतरी अलर्ट बंद करून ठेवलेत. नुसता शांत लॉग बघून फरक कळत नाही.

बैलाच्या बाबतीत तो कळतो, पण पाहावं लागतं. माझे आजोबा सकाळी जुंपण्याआधी दोन्ही बैलांच्या मानेवरून तळवा दाबून फिरवायचे. कातडी थरथरली तर त्या दिवशी औत बंद. मी विचारलं, “आजोबा, आज काम नाही का?” ते म्हणाले, “तो नको म्हणतोय ना.” यात तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं. जखम चिघळली तर हंगाम गेला, हे त्यांना माहीत होतं. तरी बैलाचं म्हणणं त्या घरात पोचत होतं आणि त्यावर काम थांबत होतं. मानेवर किती दाब आहे यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. बैल मान झटकतो, जुवाखाली यायला मागे सरतो, शेवटी रस्त्यात बसतो. त्याच्याकडे एवढीच भाषा आहे. बसलेल्या बैलाची शेपूट पिरगळायची की जू उतरवायचं, इथे सगळा प्रश्न येऊन थांबतो.

यावर ट्रॅक्टर हे उत्तर नाही. २०१२ ते २०१९ या काळात देशातली नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. जू उतरलं की बैल मोकळा होत नाही, तो जन्मालाच येईनासा होतो, किंवा कुणाला नकोसा गोऱ्हा म्हणून रस्त्यावर येतो. २०१५पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे त्याला मारताही येत नाही आणि पोसणंही परवडत नाही. न जन्मलेल्या बैलाला मुक्त म्हणायचं का, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जे बैल आज जुवाखाली आहेत त्यांच्याबद्दल विचारता येतं.

त्यातले बरेच पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या गाड्या ओढतात. हंगामात साखर कारखान्याजवळच्या रस्त्यावर टायरच्या गाड्यांची रांग बघा. ऊस पार दांडीपर्यंत पुढे आलेला असतो. गाडीवानाला ९ तासांचा नियम कुणी सांगितलेला नसतो, आणि सांगून उपयोगही नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून, म्हणजे एका ‘कोयत्याने’, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत घरी जायचं नाही. खेप चुकली की फेड लांबते. आजोबांची जमीन स्वतःची होती, म्हणून त्यांना बैलाचं ‘नको’ ऐकणं परवडलं. या गाडीवानाच्या स्वतःच्या ‘नको’लाच किंमत नाही. त्याने बैलाचं कुठून ऐकावं?

रांगेत बैल बसला, तर आपण शेजारून जाताना गाडीवानाला शिव्या देतो. त्याच्या हातात शेपूट असते. दुसऱ्या हातात फोन, कारण जू उतरवायचं असेल तर आधी मुकादमाला विचारावं लागतं.